झील धरणारा वर्ग : परळच्या एका शाळेतला एक धडा

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा धडा सगळ्यांत शेवटी येतो. शेवटी म्हणजे मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये म्हणजे घाईत. मी बरीच वर्षं तो तीन-चार तासिकांत उरकत आले. फळ्यावर तारखा लिहायच्या, स्वाध्यायाची उत्तरं सांगायची आणि 'हे परीक्षेला येतं' म्हणून खुणा करून द्यायच्या. माझी शाळा परळमधली, मराठी माध्यमाची. गिरण्यांच्या भिंती जिथे उभ्या होत्या तिथे आता टॉवर आहेत, पण वर्गातली निम्मी मुलं अजून चाळीतून येतात. ज्यांच्या पणज्यांनी या चळवळीत लाठ्या खाल्ल्या असतील त्यांच्याच पतवंडांना मी हा धडा रिकाम्या जागा भरा म्हणून शिकवत होते. हे बोचायला लागलं, आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं.

एका वर्गाचा, एका धड्याचा हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. शाळेत कला असावी यावर आता कोणी वाद घालत नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला शालेय शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर असाव्यात असं सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यामधली भिंत काढा म्हटलं. कागदावर सगळं आहे. वेळापत्रकाच्या तक्त्यात मात्र चित्रकलेचा तास अजूनही आठवड्याच्या टोकाला असतो, आणि कोणाचा पोर्शन राहिला की पहिला तोच जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की भिंत पडायची असेल तर ती वेळापत्रकात आणि प्रश्नपत्रिकेत पडावी लागते. रंगमंचावर ती पडत नाही, उलट अजून पक्की होते. मी हे दोन्ही करून पाहिलं.

वर्ग आणि अडचण

वर्गात 41 मुलं. त्यांतल्या सहा-सात जणांना आठवीत येऊनही परिच्छेद सलग वाचता येत नव्हता. त्यांना शिक्षा कधीच झाली नाही, कारण ती गडबड करत नाहीत. मागच्या बाकांवर बसतात, वही पूर्ण ठेवतात, शेजारच्याची उत्तरं नीट उतरवतात. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना वाचता येतं, पण उत्तर गाइडमधलं येतं. सहामाहीनंतर पेपर तपासताना एका प्रश्नाला सतरा मुलांचं उत्तर शब्दशः एकच होतं, स्वल्पविरामासकट. सतरा पेपर बाजूला काढून मी स्टाफरूमच्या टेबलावर एकाखाली एक ठेवले. कॉपी कोणीच केली नव्हती. सगळ्यांनी प्रामाणिकपणे पाठ केलं होतं.

त्याच सुमारास मागच्या बाकावरचा एक मुलगा सलग चार दिवस आला नाही. घरचं गाव संगमेश्वरकडचं, आणि नमन म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, गावच्या नमन मंडळात तो मृदंग वाजवतो. मंडळाचा कार्यक्रम होता म्हणून गेला होता. परत आल्यावर मी विचारलं, "रात्रभर वाजवलंस?" तो म्हणाला, "बाई, गणपासून शेवटपर्यंत." सगळं तोंडपाठ का, तर हो. मला परिच्छेद वाचून न दाखवणारा मुलगा रात्रभराचा खेळ डोक्यात घेऊन फिरत होता, आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता.

अण्णाभाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची, हे आपण जयंतीला कौतुकाने सांगतो. ते, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने याच गिरणगावात, चाळींच्या चौकांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी केली. वाचता न येणाऱ्या हजारो कामगारांना राज्य पुनर्रचनेचा प्रश्न त्यांनी डफावर समजावून दिला. शाहिरांची नावं धड्यातही येतात, आणि आम्ही त्या नावांखाली रेघ मारून पुढे जातो. मी ठरवलं की यंदा हा धडा पोवाड्यानेच शिकवायचा. पोवाडा मुलांनी रचायचा, आणि धड्याचं सगळं काम त्या रचनेतच व्हायचं.

आधी वेळापत्रक

आमच्याकडे चित्रकलेचे सर अंशकालीन निदेशक आहेत. मानधनावर येतात, आठवड्यातून तीन दिवस. त्यांच्याशी बोलले तर ते म्हणाले, "बाई, पस्तीस मिनिटांत रंगाचं पाणी भरेपर्यंत दहा जातात." मोठ्या बाईंकडे जाऊन मी एकच मागितलं : शुक्रवारचा इतिहासाचा तास आणि चित्रकलेचा तास लागोपाठ द्या, सत्तर मिनिटं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून. धडा मार्चऐवजी जानेवारीत घेणार होते. मोठ्या बाई आधी नाही म्हणाल्या, कारण गणिताच्या सरांचा तास हलवावा लागत होता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच तास सोडला. शाळेतली सुधारणा अशा वेळी कोणाच्या तरी खिशातून जाते, हे इथे नोंदवायला हवं.

सत्तर सलग मिनिटं मिळाली आणि फरक पहिल्याच शुक्रवारी दिसला. पस्तीस मिनिटांच्या तासाला मुलांकडून उत्तर मिळतं. प्रश्न उमटायला मधली थोडी रिकामी वेळ लागते, आणि ती सलग तासांतच सापडते.

डबा, ट्राम आणि एक प्रश्न

पहिला विषय घेतला 21 नोव्हेंबर 1955. त्या दिवशी मुंबईत संप होता, विधिमंडळावर मोर्चा निघाला आणि फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुस्तकात हे दोन-तीन ओळींत येतं. मी मुलांना गटांत बसवलं आणि सांगितलं की त्या दिवसाचा एक चौक, म्हणजे पोवाड्याचा एक भाग, लिहा, पण तुम्ही त्या दिवशी कोण होता आणि कुठे उभे होता ते आधी ठरवा. बहुतेकांनी हुतात्मा व्हायचं ठरवलं. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या गटांत रक्त सांडलं, सिंह गरजले, तलवारी निघाल्या. 1955 साली तलवारी कुठून आल्या असं विचारल्यावर हसू फुटलं, पण खोडायला कोणी तयार होईना. पोवाड्यात तलवार लागतेच, असं त्यांचं म्हणणं.

खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी काहीच लिहीत नव्हती. तिने विचारलं, "बाई, मोर्चाला गेलेल्या माणसाने डबा नेला असेल का?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. ती मोर्चाला गेलेल्या कामगाराच्या बायकोच्या जागी बसली होती. रोज गिरणीला जाताना तो डबा नेतो, आज गिरणी बंद, मग डबा कशाला? पण जेवायला घरी परत येणार की नाही? तिच्या गटात वाद सुरू झाला. लालबागहून फ्लोरा फाउंटन केवढं लांब, पायी किती वेळ लागेल. कोणीतरी म्हणालं, बसने गेला असेल. चित्रकलेच्या सरांनी सांगितलं की तेव्हा ट्राम होती, दादर ते बोरीबंदर, आणि ती 31 मार्च 1964 पर्यंत चालली. मुलांनी ट्राम पाहिलेली नाही, तिची कल्पनाही नाही. सरांनी फळ्यावर काढून दाखवली. मग भूगोलाच्या कपाटातून मुंबईचा नकाशा आणला, दोरा लावून अंतर मोजलं, साधारण सात किलोमीटर. संपाच्या दिवशी ट्रामचा भरवसा कोण धरेल, असं म्हणत गटाने कामगाराला पायी पाठवला. तास संपताना त्या मुलीच्या वहीत दोनच ओळी होत्या :

संपाचा दिस म्हणून डबा नाही नेला,
जेवायाला येतो सांगून धनी पायी गेला.

या दोन ओळींत संप कशासाठी असतो, कामगाराचा रोजचा दिवस कसा असतो, मोर्चा कुठून कुठे गेला, सगळं आहे, आणि तो परत आला नाही हे न सांगता आहे. त्या मुलीला सहामाहीला इतिहासात काठावरचे गुण होते. गाइडमधलं तेच उत्तर लिहिणाऱ्या सतरा जणांत तीही होती.

पुढच्या शुक्रवारी मी चाळीतल्या एका आजोबांना वर्गात बोलावलं. 1955 साली ते नऊ-दहा वर्षांचे होते. भाषणाची अपेक्षा होती, पण आजोबा म्हणाले, "मला आठवतं ते एवढंच, वडील दोन दिवस घरी नव्हते आणि आईने खिडकी उघडू दिली नाही." मुलं खट्टू झाली, त्यांना गोळीबार ऐकायचा होता. पण आठवड्याभराने तीन गटांच्या चौकांत बंद खिडकी आली, आणि तलवारी आपोआप गेल्या.

झील

पोवाड्यात शाहीर पुढे उभा राहून सांगतो आणि मागे झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी मी झीलकऱ्यांची जागा ठेवली. खरं सांगायचं तर तेव्हा ती सोय म्हणून ठेवली होती, की त्यांनाही काहीतरी काम मिळावं. पुढे कळलं की सगळ्यांत जास्त शिकणं तिथेच झालं. झील धरणाऱ्याला शाहिराची ओळ नीट ऐकावी लागते, शेवटचा शब्द हुकला तर सगळं कोसळतं. कागद हातात असतो, ओळ आधी कानावर पडते, मग डोळ्यांपुढे येते, मग तोंडून जाते. एकच ओळ चार-पाच वेळा. एकटं उभं राहून वाचायची लाज नाही, कारण आवाज पाच जणांचा आहे. वाचन शिकवायच्या प्रशिक्षणात सामूहिक प्रकट वाचनाबद्दल आम्हाला सांगितलेलं असतं. आपल्याच लोककलेत ते इतकं नेमकं बसवून ठेवलेलं आहे, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

मृदंगवाला मुलगा झीलकऱ्यांत ढोलकी घेऊन होता. एका तालमीत तो मध्येच थांबला. "बाई, ही ओळ बसत नाही." ओळीत 'त्यानंतर' हा शब्द होता. वर्गातल्या हुशार मुलाने लिहिलेली ओळ, त्यामुळे हुशार मुलगा चिडला. याने कागद मागून घेतला, बाकावर ठेवला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी एकेका अक्षरावर ठेका देत गेला. त्या-नं-तर. तिथे बोट अडकलं. परत सुरुवातीपासून. पूर्ण ओळ अक्षर अक्षर करत तो चार वेळा गेला आणि म्हणाला, "इथे 'मग' टाका." 'मग' टाकलं, ओळ बसली. मी त्याच्याशेजारी उभी होते. आठवीच्या वर्षात पहिल्यांदाच तो छापील नसलेली, अनोळखी ओळ स्वतःहून वाचत होता, आणि वाचतो आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं. तो हिशेब करत होता.

त्या दिवसानंतर तो भराभर वाचायला लागला असं मी लिहिणार नाही. वर्ष संपताना अजून अडखळत होता. पण परिच्छेद वाचायला कोण उठेल असं विचारलं की हात वर करायचा, आणि बोटांनी बाकावर ठेका धरून वाचायचा. इतर विषयांच्या शिक्षकांना मी सांगून ठेवलं की तो ठेका थांबवू नका.

शत्रू कोण

एक चूक इथे लिहायलाच हवी. पोवाड्याच्या घडणीला शत्रू लागतो. शाहिराने समोर कोणीतरी उभा करायचा आणि त्याला ललकारायचं. मुलांनी तो लगेच शोधला. एका गटाच्या चौकात गुजराती माणसांबद्दल ओळ आली, टाळ्याही पडल्या. वर्गात घरी गुजराती बोलणारी एक मुलगी आहे. ती त्या दिवशी पुढे काहीच बोलली नाही. मी ती ओळ खोडायला लावली, पण का ते नीट समजावलं नाही. घंटा झाली होती.

मग आठवडाभर मी स्वतः वाचत बसले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र ठेवणारं द्वैभाषिक मुंबई राज्य आलं तेव्हा ते मराठी माणसाला नको होतं तसंच गुजराती माणसालाही नको होतं. इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ उभी राहिली, आणि त्याआधी ऑगस्ट 1956 मध्ये अहमदाबादेतही गोळीबार होऊन तरुण मुलं मेली होती. हे मी पुढच्या शुक्रवारी सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग झगडा दोन भाषांच्या माणसांत नव्हता तर कोणात होता, हा प्रश्न मुलांनीच काढला, आणि 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती का स्थापन झाली, वेगवेगळ्या विचारांचे पक्ष तिच्यात का आले, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद का सोडलं, हे सगळं त्या प्रश्नाच्या मागोमाग शिकवता आलं. पण ती गुजराती बोलणारी मुलगी तालमीत पुन्हा पूर्वीसारखी मोकळी झाली नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. कलेने मुलांच्या भावना लवकर पेटतात, म्हणून शिक्षकाची तयारी नेहमीच्या धड्यापेक्षा दुप्पट लागते. 'कृतीयुक्त' म्हणत कमी तयारीने वर्गात जाणं यात चालत नाही.

हुतात्मा चौकात

जानेवारीच्या शेवटी करी रोडहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरलो आणि चालत हुतात्मा चौकात गेलो. सरांची अट होती की मोबाइल काढायचा नाही, वीस मिनिटं स्मारक पाहून चित्र काढायचं. एक शेतकरी, एक कामगार आणि दोघांनी उंच धरलेली मशाल. शेजारी 1864 सालचं फ्लोराचं कारंजं. मुलं बांधाच्या कडेला बसली. मशालीवरचे हात काढताना सगळे अडले. कोणाचा हात कुठे आहे, कोणता पुढे, कोणता मागे. उठून चारी बाजूंनी फिरून पाहिलं तेव्हा एकेकाच्या लक्षात यायला लागलं की एका बाजूने पाहून हे चित्र पुरं होणार नाही. या चौकातून यांतली कित्येक मुलं याआधी गेलेली होती. स्मारकात माणसं दोन आहेत हे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिलं.

स्नेहसंमेलन

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन होतं. मोठ्या बाईंनी तालीम पाहिली, त्यांना मनापासून आवडली, आणि त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांचा बसवा. पालक खूश होतील." मी हो म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त खंत या होकाराची आहे.

दहा मिनिटांत 41 मुलं बसत नाहीत. नृत्यांसाठी बोलावलेल्या कोरिओग्राफरने चौदा निवडली, आवाज चांगला आणि उंची सारखी अशी. झीलकरी पडद्यामागे गेले, दोघं पडदा ओढायला. ढोलकीऐवजी तयार ट्रॅक आला, कारण हॉलचा माइक ढोलकीला नीट पकडत नव्हता. डब्याचा चौक 'रडका आहे' म्हणून गळला. तलवारी परत आल्या, पुठ्ठ्याच्या, चंदेरी कागद लावलेल्या. मुलगी शाहीर म्हणून डफ घेऊन उभी राहणार याला एका आईने हरकत घेतली, "आमच्यात मुली असं करत नाहीत," आणि वेळ कमी असल्याने मीही समजूत घालत बसले नाही, मुलगा उभा केला. वर्गात हीच हरकत आली असती तर मी त्या ताईंना शुक्रवारी वर्गात बसवून घेतलं असतं.

कार्यक्रमाला टाळ्या खूप मिळाल्या. दोन शुक्रवार त्यात गेले, आणि परत वर्गात आलो तेव्हा मृदंगवाला मुलगा ढोलकी आणायची विसरला होता.

परीक्षा

या धड्यावर बारा तासिका गेल्या, नियोजनात पाच होत्या. दुसरे दोन धडे मी घाईत संपवले. ते मुलांना कच्चे राहिले, हे मान्य करते. वार्षिक परीक्षेत या धड्याच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत वर्गाचे गुण नेहमीएवढेच पडले. योग्य पर्याय निवडा असं विचारलं तर डब्याचा प्रश्न मनात येणारी मुलगी आणि न येणारी मुलगी सारखीच.

म्हणून आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, मी वेगळं विचारलं. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं 2010 च्या शासन निर्णयानेच शिक्षकाच्या हातात दिली आहेत. आम्ही ती तक्ता भरण्यापुरती वापरतो. मी एकच प्रश्न दिला : 'या चळवळीतल्या कोणत्याही एका माणसाला तुम्हाला काय विचारायचं आहे, आणि का?' 41 उत्तरांत एकसारखी दोनही नव्हती. एकाने गोळीबाराच्या वेळी मुख्यमंत्री असलेल्या मोरारजी देसाईंना विचारलं होतं की रात्री झोप लागली का. एकीने शाहिरांना, की माइक नसताना मागच्या माणसाला ऐकू कसं जायचं. मागच्या बाकांवरच्या सहा-सात जणांपैकी पाच जणांनी दोन ओळींच्या वर लिहिलं, चुका भरपूर, पण उतरवलेलं काहीच नाही. तपासायला मला तीन संध्याकाळी लागल्या. गाइडमधली उत्तरं तासाभरात तपासून होतात.

पुढे

यंदा आठवीला शुक्रवारचे जोडतास कायम आहेत, हे मोठ्या बाईंनी स्वतःहून केलं. गणिताच्या सरांनीही एक जोडतास मागितला आहे. प्रमाण शिकवायला त्यांना मुलांना लालबागच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात न्यायचं आहे, लहान मूर्तीवरून मोठी कशी करतात ते मोजायला. स्नेहसंमेलनासाठी आम्ही वर्गातलं काम द्यायचं नाही, असं तिघांनी ठरवलं आहे. पालकांना पाहायचं असेल तर त्यांनी शुक्रवारी वर्गात यावं.

चित्रकलेच्या सरांचं मात्र ठरत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, क्रीडा आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक द्यावे लागतात. आमच्याकडे तिन्ही वर्ग मिळून सध्या 104 आहेत. पोवाडा रचणारी 41 जूनमध्ये नववीत गेली, आणि पाचवीतून वर येणारी मुलं दर वर्षी कमी होत आहेत. या महिन्यात मी आणि सर रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर चौथी-पाचवीच्या मुलांच्या घरी जातो आहोत. सोबत त्या मुलीच्या वहीतलं ते पान आणि हुतात्मा चौकातली चार चित्रं असतात. काल एका खोलीत आजीने ते पान हातात घेतलं, मोठ्याने वाचलं आणि दुसरी ओळ पुन्हा वाचली. नातू पाचवीत आहे. सूनबाई म्हणाल्या, विचार करून सांगतो.